मेस्त्रींच्या टीव्हीतला राखणदार

गावभरचे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माझ्या घरमालकांचा स्वतःचा टीव्ही मी, ते परगावी गेलेले असताना, त्यांना न विचारता दुरुस्त केला.

बिघडवला असता तर निभावलं असतं. बिघडलेला त्यांनी दहा मिनिटांत नीट केला असता, मला चार शिव्या घातल्या असत्या आणि आम्ही जेवायला बसलो असतो. पण तो माझ्या हातून खरोखरच नीट झाला. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम आजवर माझ्याकडून जी दोन-तीन कामं पार पडली त्यांतलं ते एक, आणि नेमकी त्याचीच आठवण निघाली की अजून माझी कानशिलं तापतात.

मी कसालचा. कसालात दर्या नाही, हायवे आहे. आमच्याकडच्या माणसाला नुसत्या आवाजावरून एसटी कुडाळची की मालवणची ते सांगता येतं, पण भरती-ओहोटी म्हटलं की तो कॅलेंडर शोधतो. बीएस्सी, बीएड होऊन मी मिठबावात विज्ञानाचा मास्तर म्हणून लागलो आणि ज्यांच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहिलो ते हे गृहस्थ. सगळा गाव त्यांना मेस्त्री म्हणे. सुतार मेस्त्री वेगळे, गवंडी मेस्त्री वेगळे. नुसतं मेस्त्री म्हटलं की हे.

खोली मागायला गेलो तेव्हा ते एका टीव्हीच्या मागे डोकं खुपसून बसले होते. टीव्हीच्या तोंडासमोर खुर्चीत एक आरसा टेकवून ठेवलेला. मी माझी माहिती द्यायला सुरुवात केली: शिक्षण, टक्के, वडिलांची नोकरी, मला पान-तंबाखू नाही, मित्र घरी आणत नाही. उत्तर येईना, म्हणून पुन्हा टक्क्यांपासून सुरुवात केली.

"मुंग्यो, मुंग्यो," आतून आवाज आला. "फुडे."

मी पायाखाली बघितलं. मुंग्या नव्हत्या.

"आणि सकाळी मला आंघोळीला गरम पाणी लागतं," मी म्हटलं.

टीव्हीच्या वर एक बोट आलं. "हां! ह्यो ठोको. चुलीचा आमच्या हिका विचारा. रवा खोलयेत."

मला खोली मिळाली हे मला त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, समजावून सांगितलं तेव्हा कळलं.

मुंग्या म्हणजे काय ते पुढे आपोआप समजलं. लांबचं केंद्र, उंच अँटेना आणि तरीही पडद्यावर वळवळणारे खरखरीत ठिपके, त्यांना तेव्हा सगळेच मुंग्या म्हणत. पण मेस्त्रींच्या मते त्या माणसांच्या बोलण्यातही असत. गिऱ्हाईक येई आणि अगदी पहिल्यापासून सांगू लागे: गणपतीत जावई आले होते, त्यांनी बटण पिळलं, मग लाइट गेली, मग सासूबाईंना वाटलं... मेस्त्री मान वर न करता "मुंग्यो, मुंग्यो" करत राहत आणि एकदम बोट वर. "काय म्हणलास? माणसा तिरपी होतत? डावीकडे की उजवीकडे?" बस. तेवढा ठोका. बाकी सासू, जावई, गणपती सगळं वाया.

एकदा एका बाईने नवऱ्याच्या आजारपणाची हकिकत सांगितली. सांगता सांगता रडली. मेस्त्रींनी बोट वर केलं ते "मिक्सर तेच्याच बाजूक लावतंय" या वाक्याला. बाई तणतणत उठून गेली. टीव्ही नीट झाला, तो नेऊन पोचवला, आणि दुसऱ्या दिवशी मेस्त्री दोन शहाळी घेऊन तिच्या नवऱ्याला बघायला गेले. म्हणजे ऐकलं सगळंच होतं. मग मुंग्या कशाला म्हणायचं? मला त्या माणसाचा थांग लागेना.

आरशाचं प्रकरण आणखी वेगळं. टीव्ही मागून उघडतात आणि चित्र तर पुढे दिसतं, म्हणून मेकॅनिक समोर आरसा ठेवून त्यात चित्र बघतात, हे रीतसरच आहे. पण दहा-पंधरा वर्षं असं बघून बघून मेस्त्रींना जग उलटंच ओळखीचं झालं होतं. बातम्या देणारा माणूस कधी चुकून सरळ दिसला तर म्हणत, "ह्येणा भांग बदलल्यान." कोणी अंगणात येऊन उभं राहिलं तर आधी परक्यासारखे बघत, मग खांबावरच्या आरशात नजर टाकून म्हणत, "अरे, तू होय!" शाळेची एक सूचना मी वाचायला दिली तर ती त्यांनी आरशासमोर धरली. हे मी वाढवून सांगतो असं काकींचं म्हणणं. थोडं वाढवतो.

तर ठोका. एका रविवारी मी त्यांना माझ्या विज्ञानाचा प्रभाव पाडावा म्हणून विचारलं की चित्र गिरक्या घेत वर का पळतं, ते मला सर्किटवर दाखवा. त्यांनी मला सर्किट न दाखवता किनाऱ्यावर नेलं. तिथे रापण ओढायचं काम चाललं होतं. दोन्ही बाजूंना माणसांच्या दोन रांगा, हातात दोर, पाण्यात लांबवर पसरलेलं जाळं, आणि मध्ये एक म्हातारा "होऽऽय" करून आरोळी देतोय. आरोळी आली की दोन्ही रांगा एकदम ओढत होत्या.

"टीव्ही म्हणजे लिवणा," मेस्त्री वाळूत बोट फिरवत म्हणाले. "एक ओळ, मगे दुसरी. सव्वासहाशे ओळी झाल्यो की पान संपला, परत वरसून. थंय पणजेक कोणतरी लिवता, हंय माजो टीव्ही लिवता. दोघांनी एकाच टायमाक ओळ बदलूक व्हयी. नायतर माणसाचा नाक एका ओळीत आणि कान तिसऱ्या."

"पण आपल्या टीव्हीला कसं कळणार, तिकडे ओळ कधी संपली?"

"ह्यांका कसा कळता, कधी ओढूचा ता? थंय बायलो भाव करतत, कावळे आरडतत, कुत्रे भांडतत. सगळा कानात जाता. पण ओढतत कोणाच्या आवाजार? जो सगळ्यांच्या वर आसा तेच्या. खालचा सगळा छाटून टाकूचा, वरचो शेंडो तेवढो घेवचो. माजो ट्रान्झिस्टर ह्याच करता. चित्रातलो काळो रंग म्हणजे आवाज मोठो. ठोको तेच्याय वर. काळ्याहून काळो. म्हणान तो पडद्यार दिसणा नाय, पण सगळा चलता तेच्या जिवार."

एवढ्यात बर्फाच्या कांड्या विकणाऱ्या गारेगारवाल्याने सायकलचा भोंगा दाबला. रांगेतल्या दोघा नवख्यांनी त्या भोंग्यालाच आरोळी समजून दोर ओढला, एक बाजू पुढे गेली, जाळं तिरकं झालं, आणि म्हाताऱ्याने गारेगारवाल्याच्या सात पिढ्या काढल्या.

"ह्येका म्हणतत नॉइज," मेस्त्री खूश होऊन म्हणाले. "ठोक्याहून मोठो आवाज. मोटारसायकलीचो, पंपाचो, ठिणगेचो. टीव्हीक वाटता ह्योच ठोको. म्हणान बऱ्या टीव्हीत एक राखणदार बसयतत. असो दांडगो आवाज इलो की तो क्षणभर दार लावन घेता. सांगता, आता कोणाचाच ऐकू नकात."

आमच्याकडे गावाच्या सीमेवर राखणदार असतो, त्याला वर्षातून एकदा नारळ देतात. टीव्हीतला राखणदार म्हणजे एक छोटासा ट्रान्झिस्टर, शेंगदाण्याएवढा. मी मान डोलावली. बीएस्सीला मला हाच धडा होता आणि त्यात मी पास होतो, पण मला तो कळला त्या गारेगारवाल्यामुळे. अर्धाच कळला, हे पुढे दिसेल.

मेस्त्रींना एक मुलगा होता, दिगू. चार वर्षं तो बापाच्या शेजारी बाकावर बसून टीव्ही शिकला. हात चांगला होता म्हणतात. मग बाविसाव्या वर्षी एके दिवशी उठला आणि खाडीवर मामाकडे जाऊन मासेमारीच्या होडीवर लागला. राहायलाही तिथेच गेला. त्या दिवसापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. मी राहायला गेलो तेव्हा त्या अबोल्याला दुसरं वर्ष चालू होतं. काकी जाऊन मुलाला भेटून येत, मासे घेऊन येत. मेस्त्री ते मासे खात, पण कुठून आले ते विचारत नसत.

त्याबद्दल माझ्याकडे ते एकदाच बोलले. "आमच्या घरातली दोन माणसां दर्यात गेली ती परत इली नाय. माजो आजो आणि माजो काको. म्हणान मी मुंबयेक जावन ह्या शिकलंय. आणि ह्यो परत थंयच गेलो." एवढं बोलून त्यांनी सोल्डरिंग आयर्न उचललं आणि स्वतःलाच म्हणाले, "मुंग्यो."

आता त्यांचा स्वतःचा टीव्ही. पडवीत उंच कपाटावर ठेवलेला, लाकडी खोक्याचा. पंचक्रोशीतल्या टीव्हींमध्ये सर्वांत वाईट चित्र त्याचं. माणसं धुक्यातून चालल्यासारखी. अँटेना घरामागच्या माडाला बांबू बांधून चढवलेली, तीही पणजीच्या दिशेपासून चांगली हातभर दर्याकडे वळलेली. मला वाटलं वाऱ्याने वळली असावी. काकी म्हणत, "लोकांच्या घरात सिनेमा, आमच्या घरात मुंग्यांचा वारुळ."

रोज तिन्हीसांजेला मेस्त्री हातातलं काम टाकून या टीव्हीसमोर बसत. आरसा न घेता, सरळ समोर. आवाज बंद. शेजारच्या बायका मालिकेला म्हणून येत आणि मुकी मालिका बघत. मग केव्हातरी, कधी पावणेसातला, कधी सव्वासातला, पडद्यावर ठिपक्यांच्या दोन ओळी उमटत. चित्र उडी मारे, फाटे, गिरक्या घेई. ओळी हळूहळू खाली सरकत, चित्र आणखी तीन-चार उड्या मारी आणि ओळी जात. चित्र त्यातल्या त्यात बरं दिसू लागे. आणि नेमके त्याच क्षणी मेस्त्री उठून टीव्ही बंद करत. "चला, वाढ गो."

मालिकेतली सून विहिरीच्या काठावर उभी असली तरी बंद.

हे काय असावं यावर मी डोकं चालवलं. आधी वाटलं, हा बायकांना छळण्याचा प्रकार आहे. मग वाटलं, बिघाडाचा अभ्यास चाललाय. नंतर नंतर वाटू लागलं की लोकांची चित्रं नीट करून करून ह्यांचं फिरलंय. मी वहीत त्या उड्यांच्या वेळा लिहिल्या, त्यांचा आलेख काढला. आलेख रोज सरकत होता, पौर्णिमेला एकीकडे, अष्टमीला दुसरीकडे. भरतीच्या वेळांशी तो ताडून बघावा हे कोणाही मिठबावकराला सुचलं असतं. मी तो व्होल्टेजशी ताडून बघितला.

वैशाखाच्या शेवटाला मेस्त्री सुटे भाग आणायला कोल्हापूरला गेले. दोन रात्री तिकडे. मला सुट्टी होती, लायब्ररीतून आणलेलं एक जाडं पुस्तक होतं, आणि मेस्त्री मला चारचौघांत "पुस्तकी मास्तर" म्हणत त्याचा सल होता. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

"मास्तरांनू, तेंका विचारल्याशिवाय हात लावू नकात हां," काकी म्हणाल्या.

"काकी, आल्यावर बघतील तेव्हा खूश होतील."

"ते कधी खूश झालले तुमी बघलात?"

टीव्ही बंद केला तरी आत विजेचा दाब शिल्लक राहतो, हे मी मुलांना दरवर्षी शिकवत होतो. ते मला त्या दिवशी पटलं. मी पडवीतून अंगणात गेलो, न चालता. काकींनी पाणी दिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "अजून करतलास?" मी अजून केलं.

आत बघतो तर राखणदाराचा एक पाय सर्किटमधून सोडवून वर उचललेला, आणि त्या पायाला लाल दोरा बांधलेला. व्यवस्थित गाठ मारून. आता शहाण्या माणसाने या दोऱ्याचा काय अर्थ घेतला असता? मी असा घेतला की मेस्त्रींनी काम अर्धवट ठेवलंय आणि जोडायचं विसरू नये म्हणून खूण केलीय. मी दोरा सोडला, पाय जोडला. मग नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला बोलावून माडावर चढवलं आणि खालून "अजून डावीकडे, अजून" असं ओरडून अँटेना बरोबर पणजीकडे लावून घेतली.

काय चित्र आलं! आरशासारखं. बातम्या देणाऱ्याच्या कोटाची शिवण दिसत होती. शेजारच्या बायका आल्या त्या दोन्ही संध्याकाळी हलल्याच नाहीत. "मास्तरांनू, तुमी मेस्त्रीक मागे टाकलास हां!" काकींनी घावणे केले. दोन्ही दिवशी सांजेचे ते ठिपके आले नाहीत, चित्र एकदाही उडालं नाही. मी ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीने मेस्त्री आले. दुपारपासून दक्षिणेचा वारा सुटला होता, दर्या पांढरा झाला होता, आणि एसटीत कोणीतरी कुठली तरी होडी अजून आली नाही असं बोलत होतं. हे मला मागाहून कळलं. मी दारात नवऱ्यामुलासारखा उभा होतो. मेस्त्रींनी पिशवी टाकली, पाय न धुता टीव्ही लावला आणि समोर बसले.

चित्र स्वच्छ आलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"ह्या कधीपासून असा आसा?"

"परवापासून!"

"काल सांजेक? एकदाय उडला नाय?"

"एकदाही नाही! ते दोन ओळींचे ठिपके यायचे ना, तेही नाहीत. परवा नाहीत, काल नाहीत. साफ!"

त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, हा मत्सर. मी, देवा, मनातून सुखावलो.

ते उठले आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "गो, काल दिगू इलो?"

स्वयंपाकघरातलं भांडं पडलं. दोन वर्षांत त्या घरात काकींशिवाय कोणी ते नाव घेतलं नव्हतं. "माका काय म्हायत? तो खंय हंय येता?" काकी बाहेर आल्या. "दोन दिस माका खाडयेर जावक गावला नाय. कित्याक? काय झाला?"

मेस्त्री पडवीतून उतरले आणि पळत सुटले. एका पायात चप्पल. मीही मागोमाग, कारण माझं कौतुक अजून व्हायचं होतं. माडांच्या बागेतून खाडीकडे जाणाऱ्या पायवाटेवर मी त्यांना गाठलं. धापा टाकत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तेच्या मशिनीचे ठिपके ते. रोज खाडयेच्या तोंडातसून आत येता तेवा मशिनीचो प्लग ठिणगी टाकता. ती माज्या टीव्हीत दिसता. आज नाय. काल नाय. परवा नाय."

मला समजलं तेव्हा मी पळत होतो, म्हणून थांबता आलं नाही. अँटेना दर्याकडे का वळलेली होती, राखणदाराचा पाय का उचललेला होता, लाल दोरा कशासाठी, वेळा रोज का सरकत होत्या, सगळं एकदम ओळीत लागलं. जगाच्या टीव्हींतून आवाज काढून ठोका शोधणारा हा माणूस आपल्या टीव्हीतून ठोका सोडून आवाज बघत होता. आणि तो आवाज मी बंद केला होता.

हे मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. एक वाक्य: मेस्त्रीनू, ठिपके मी घालवले. त्या एका वाक्याने त्यांची अर्ध्या मैलाची धाव वाचली असती. ती धाव कसल्या विचारात झाली असेल ते आज मी स्वतः बाप असल्यामुळे मला ठाऊक आहे. तेव्हा श्वास पुरला नाही, असं मी लोकांना सांगत आलो. श्वास पुरत होता. धीर पुरला नाही.

खाडीच्या काठावर होडी लागलेली होती. दिगू गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळ्यातले मासे सोडवत होता. बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मेस्त्री थांबले. त्यांना तो आधी ओळखूच आला नाही असं मला वाटलं. मग म्हणाले,

"तू हंय कसो?"

दिगूने वर बघितलं. "मी हंय नाय तर खंय? तू हंय कसो?"

"काल?"

"कालय इलंय."

"परवा? मशीन?"

"चलता. कित्याक?"

मेस्त्री वळले आणि माझ्याकडे बघितलं. आरसा न शोधता, सरळ. मी म्हटलं, "राखणदार जोडला मी." माझा आवाज इतका बारीक निघाला की एका मासेवालीने "काय म्हणता तो मास्तर?" असं शेजारणीला विचारलं. मेस्त्रींनी मला एक शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ते परत मुलाकडे वळले आणि त्यांना जे काय मला बोलायचं होतं ते सगळं मुलाला बोलले.

"वारो बघलंस केवढो आसा? ह्या वाऱ्यात कोण भायर काढता होडी?"

"सगळ्यांनी काढली."

"सगळे खड्ड्यात उडी मारतले तर तू मारतलंस?"

"दोन वर्सांनी इलस, आणि येतल्या येता वाऱ्यार भांडतंस?"

अर्धा तास. बायकांनी मासे निवडायचं काम थांबवून ऐकलं. आजा निघाला, काका निघाला, बाक निघाला, मामाला तर दोघांनीही धुतला. मग काकी धापा टाकत आल्या आणि दोघांनाही म्हणाल्या, "घरात येवन भांडा, हंय लोकांक कित्याक फुकट?" त्या दिवशी दिगू घरी जेवला.

पुढे तो येऊ लागला, आठवड्यातून दोनदा-तीनदा. आला की भांडण. पण बोलत होते. मेस्त्रींनी टीव्ही पुन्हा उघडला नाही. अँटेनाही मी लावली तशीच राहिली. ते आता आवाज लावून मालिका बघू लागले आणि त्यांना त्यात काही कळत नसे. अधूनमधून खाडीच्या दिशेला कान देत. एकदा मी धीर करून विचारलं, "मेस्त्रीनू, तो पाय पुन्हा सोडवू?"

"आता कित्याक?" ते म्हणाले. त्या दोन शब्दांत समाधान होतं की आणखी काही, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

मेस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकी आहेत, कानाने कमी. मध्यंतरी दिगूच्या मुलीचा साखरपुडा होता, मला आग्रहाचं बोलावणं आलं म्हणून मिठबावला गेलो. दिगूचे केस पांढरे झालेत, डिझेलची मोठी बोट आहे, आणि बोलणं बापासारखं. पंगतीत व्याही माझ्या शेजारी होते. मी त्यांना ही गोष्ट सांगितली. मी ती गेली पस्तीस वर्षं सांगतो आणि सांगून सांगून तिला चांगला आकार आलाय: दुरावलेले बाप-लेक, त्यांच्यामध्ये एक बिघडलेला टीव्ही, आणि एका तरुण मास्तराने नकळत केलेली दुरुस्ती. शेवटी मी म्हणतो, "म्हणजे बघा, माझ्या चुकीनेच ते बोलते झाले." व्याह्यांनी मान डोलावली. विहीणबाईंनी डोळे पुसले.

दिगू सोलकढी वाढत होता. तो माझं संपेपर्यंत थांबला.

"मास्तरांनू, खाडयेत आणखीय होडये होते. त्येंच्या मशिनींचे ठिपके टीव्हीत कित्याक दिसत नाय होते?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मी वाटी खाली ठेवली.

"त्येंच्या प्लगार टोपण होता. टोपणान ठिणगी भायर पडणा नाय," तो म्हणाला. "माज्याय होता. मी काढून टाकललंय. बापाशीच्या बाकार चार वर्सां बसललंय मी; भायर पडलेली ठिणगी खंय जाता ता माका म्हायत होता."

"म्हणजे ते बघतात हे तुला..."

"माडारची अँटेना खंय वळलेली आसा ती खाडयेतसून दिसता."

"आणि मग मी ती पणजीकडे फिरवली तेव्हा..."

"दिसली. दोन दिस दिसत होती. माका वाटला, बापाशीन माका बघूचा सोडल्यान."

काकींना ऐकू गेलं नव्हतं, त्या मला आणखी भात घ्यायला सांगत होत्या. मी काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "पण दिगू, निदान त्या दिवसापासून तुमचं बोलणं तरी सुरू झालं."

"बोलणा दोन वर्सां रोजच्या रोज चालूच होता," दिगूने माझ्या वाटीत सोलकढी ओतली. "तुमीच मधी येवन कडमडलास."